एक आकडा झाडाचा, दुसरा बैलाचा

बियाण्याच्या पाकिटावर किंवा कृषी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात प्रत्येक भाजीपुढे दोन आकडे छापलेले असतात. वांगी ६० × ६०, कोबी ६० × ४५, भेंडी ४५ × १५, मुळा ३० × १०. आकडे सेंटिमीटरचे असतात. पहिला दोन ओळींमधल्या अंतराचा, दुसरा एकाच ओळीतल्या दोन झाडांमधल्या अंतराचा. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. घरामागच्या तुकड्यात चार भाज्या लावू पाहणाऱ्या माणसाला मात्र हे आकडे पाहिले की धडकी भरते, कारण त्या हिशेबाने त्याच्या जागेत काहीच मावत नाही. मग तो दोहोंपैकी एक करतो. एक तर आकडे बाजूला ठेवून दाटीवाटीने लावतो, नाही तर बागेचा नादच सोडतो. मी पहिले केले होते.

बुलढाण्यात आमच्या घरामागे बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा आहे. २४० चौरस फूट म्हणजे पाव गुंठ्यालाही थोडी कमीच. एका पावसाळ्यात मी आठवडी बाजारातून वांग्याच्या रोपांची जुडी आणली. जुडीत तीस रोपे निघाली. रोप बोटभर उंचीचे आणि पाने चार. चार फूट बाय पाच फुटांच्या तुकड्यात ती तिसही रोपे वीतवीतभर अंतरावर लावून मी मोकळा झालो, आणि तरीही मधली जमीन रिकामीच दिसत होती. सप्टेंबरात तिथे हात घालायलाही जागा उरली नाही. झाडे छातीपर्यंत उंच, काटक्यांसारखी बारीक, खालची पाने पिवळी, फुले आली की गळणारी. जी थोडी वांगी धरली त्यांत अळी होती, आणि ती वेळेवर दिसली नाही, कारण आतले झाड दिसतच नव्हते. शेजारच्या मावशी कुंपणावरून बघत म्हणाल्या, “भाऊ, वांगे लावले का मेथी पेरली? काहून बाप्पा एवढी दाटी केली?” आणि पुढे, “सहा ठेवा, बाकीचे उपटून द्या मले.” मी उपटली नाहीत. जिवंत रोप उपटणे जिवावर आले. त्या हंगामात आम्ही वांगी बाजारातूनच आणली.

सहा हा आकडा मावशींनी कुठून काढला, ते मला पुढे कळले. दोन-दोन फुटांवर लावल्यास त्या तुकड्यात सहाच झाडे बसतात. तिथून हा अभ्यास सुरू झाला.

दाटीत काय घडते

तीस झाडे सहा झाडांच्या पाचपट वांगी देतील, हा माझा हिशेब चुकला कुठे? जपानमधील वनस्पतिशास्त्रज्ञ तात्सुओ किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली याचे उत्तर मोजून दाखवले. ठरावीक जागेत झाडांची संख्या वाढवत नेली, तर सुरुवातीला एकूण वाढीचे वजन वाढते. एका मर्यादेनंतर मात्र ते वाढायचे थांबते. जमिनीत जेवढे पाणी आणि अन्न आहे, वरून जेवढे ऊन पडते, तेवढीच वाढ होते. मग ती सहा झाडांत वाटा की तिसांत. वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो.

पालेभाजीला हे चालते, कारण आपण झाडाचा सगळा वाटाच खातो. मेथीची शंभर रोपटी बारीक राहिली तरी जुडीचे वजन तेवढेच. फळभाजीचे तसे नाही. झाड आधी मुळे, खोड आणि पाने उभी करते आणि उरलेल्यातून फळ धरते. वाटा फार लहान झाला की सगळे खोडापानांतच संपते आणि फळासाठी काही उरत नाही. माझ्या तीस वांग्यांनी तेच केले.

झाडे उंच आणि किडकिडीत का झाली, याचेही कारण आहे. हिरवे पान सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतिलाल भाग परत फेकते. शेजारच्या पानावरून आलेला हा प्रकाश झाडाला ओळखता येतो. अर्जेंटिनातील कार्लोस बायारे आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की प्रत्यक्ष सावली पडण्याच्या आधीच, केवळ या परावर्तित प्रकाशावरून झाडाला शेजाऱ्याची चाहूल लागते आणि त्याचे खोड लांबू लागते. म्हणजे आपल्याला दोन रोपांमध्ये मोकळी जमीन दिसत असते, तेव्हाही रोपांची चढाओढ सुरू झालेली असते.

तिसरी गोष्ट हवेची. पाने पानांना भिडली की पावसाचे आणि दवाचे पाणी लवकर वाळत नाही. टोमॅटोवरचा करपा ओल्या पानावरच फोफावतो. गादीवाफ्यावर बी दाट पडले तर रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत पाणी आधीच धरून राहते, त्यामुळे इथे दाटीची शिक्षा मुरमाड जमिनीपेक्षा लवकर मिळते.

दोन आकडे, दोन मालक

इतके कळल्यावर मी माहितीपत्रकातले आकडे जसेच्या तसे पाळायला घेतले, आणि जागा पुन्हा अपुरी पडली. तेव्हा वेगळा प्रश्न पडला. कोबीला एका बाजूने ४५ सेंटिमीटर पुरतात, मग दुसऱ्या बाजूने ६० का लागतात? कोबीचा गड्डा गोल असतो आणि पानेही चहूबाजूंना सारखीच पसरतात.

उत्तर आपल्या शिवारातच आहे. वऱ्हाडात पेरणी तिफणीने होत आली. तिफणीच्या तीन फणांमधले अंतर सुताराने लाकडात पक्के केलेले असते, आणि पेरलेल्या ओळी त्याच मापाच्या येतात. पुढे त्याच ओळींमधून बैलांचा डवरा चालवायचा असतो. कपाशीसाठी शेतात उभ्या-आडव्या रेघा मारून फुलीवर सरकी टोबायची पद्धत होती. तिचाही हेतू हाच, की डवरा दोन्ही बाजूंनी फिरावा आणि निंदणाची मजुरी वाचावी. म्हणजे ओळींमधल्या अंतरात झाडाची गरज असते, पण तीबरोबर बैलाची, अवजाराची आणि वेचणाऱ्या माणसाच्या पायांचीही गरज मिसळलेली असते. माहितीपत्रके एकराच्या शेतासाठी लिहिलेली असतात, म्हणून हे बरोबरच आहे. परसबागेत मात्र बैल जात नाही. तिथे खुरपे चालते, आणि खुरप्याला हाताएवढीच वाट पुरते.

बैलाचा वाटा सोडायचा आणि झाडाचा वाटा सोडायचा नाही, एवढाच या लेखाचा मुद्दा आहे. गर्दीच्या बागेत आपण नेमके उलटे करतो. चालायच्या वाटा रुंद ठेवतो आणि झाडे एकमेकांना चिकटवतो.

अमेरिकेतील अभियंता मेल बार्थोलोम्यू यांनी १९८१ मध्ये चौरस फुटाच्या चौकटींची पद्धत पुस्तकरूपाने मांडली, ती याच तर्कावर. ओळी मोडून टाका, एका चौरस फुटात पिकाच्या आकारानुसार एक, चार, नऊ किंवा सोळा झाडे लावा. महाराष्ट्रात प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनी जमिनीच्या क्षेत्रफळाऐवजी उन्हात पसरलेल्या पानांच्या क्षेत्रफळाचा हिशेब करायला शिकवले. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण दोघांनीही ओळ बाजूला ठेवून एका झाडाला किती लागते, हा प्रश्न पुढे आणला.

इथे एक सावधगिरी हवी. दुसरा आकडा सगळ्या पिकांत सारखा ढिला नसतो. भेंडी ४५ × १५ आहे म्हणून ती चारी बाजूंनी १५ वर लावली तर फसगत होते. ओळीतली दाटी तिला सोसते, कारण बाजूला ४५ सेंटिमीटर ऊन असते. अशा वेळी दोन्ही आकड्यांचा गुणाकार करावा. ४५ गुणिले १५ म्हणजे ६७५ चौरस सेंटिमीटर, हा एका झाडाचा हक्काचा वाटा. त्याचे वर्गमूळ साधारण २६. म्हणजे चारी बाजूंनी सारखे लावायचे तर भेंडी २६ सेंटिमीटरवर. यात जागा वाचत नाही, फक्त ओळ मोडून वाफ्यात बसवता येते. वांगे आणि मिरची यांच्या फांद्या पसरतात, त्यामुळे तिथेही हात आखडू नये. खरी बचत होते ती कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, बीट, गाजर, पालक यांत, आणि काठीला बांधून सरळ वाढवलेल्या टोमॅटोत.

माप अंगावरच आहे

वाफा किती रुंद असावा, हे हात किती पोहोचतो यावर ठरते. दोन्ही बाजूंच्या वाटेवर बसून मध्यापर्यंत हात गेला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय ठेवायची वेळ येत नाही. काळी जमीन ओली असताना एकदा तुडवली की दगडासारखी घट्ट होते आणि मुळांची वाट बंद होते. साडेतीन ते चार फुटांहून रुंद वाफा म्हणून नको.

मी जागेची मांडणी अशी केली. उत्तरेच्या भिंतीला लागून दीड फुटाची पट्टी वेलांसाठी, मग सव्वा फुटाची वाट, साडेतीन फुटांचा वाफा, पुन्हा सव्वा फुटाची वाट, दुसरा साडेतीन फुटांचा वाफा आणि दक्षिणेला एक फूट वाट. बेरीज बारा फूट. वाफे पूर्व-पश्चिम वीस फूट लांब. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून वाफे वीतभर उंच.

आता कोबी घेऊ. साडेतीन फूट रुंद आणि दहा फूट लांब वाफ्यात ६० सेंटिमीटरच्या ओळी धरल्या तर दोनच ओळी बसतात. ओळीत ४५ वर सात-सात, एकूण चौदा गड्डे. तेच चौकोनी न लावता तिरपे लावले, म्हणजे दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध आले, तर ओळीओळींतले अंतर ३९ सेंटिमीटरवर येते आणि तरीही प्रत्येक रोप प्रत्येक शेजाऱ्यापासून ४५ सेंटिमीटर दूर राहते. वाफ्यात तीन ओळी बसतात. सात, सहा, सात मिळून वीस गड्डे. सहा गड्डे वाढले, आणि झाडाचा वाटा कुणी मारला नाही. मोठ्या क्षेत्रात चौकोनीऐवजी या त्रिकोणी मांडणीने शेकडा पंधरा झाडे जास्त बसतात. हे भूमितीचे गणित आहे, त्यासाठी खतही लागत नाही.

टेप शोधायचीही गरज नाही. वीत म्हणजे साधारण साडेबावीस सेंटिमीटर, हात म्हणजे पंचेचाळीस. कोबी, फुलकोबी आणि बांधलेला टोमॅटो एका हातावर. भेंडी वीत आणि दोन बोटांवर. मुळा, बीट अर्ध्या वितीवर. कांदा आणि लसूण चार-पाच बोटांवर. वांगे सव्वा हाताहून जवळ नको, आणि जागा असेल तर दीड हात. प्रत्येकाची वीत वेगळी असते, म्हणून एकदा आपला हात पट्टीवर मोजून ठेवावा.

अंतराने आकारही ठरवता येतो. कांदा जवळ लावला तर लहान पोसतो, कोबीही तशीच. चार माणसांच्या घराला दोन किलोचा गड्डा नकोच असतो. तिथे मुद्दाम थोडे जवळ लावून लहान गड्डे घेणे शहाणपणाचे. याच जिल्ह्यात आणि आसपास आता कपाशीची सघन लागवड ९० × १५ सेंटिमीटरवर होते. पण ती जमते, कारण त्यासाठी आटोपशीर वाढणारे वाण निवडतात आणि वाढ रोखणारी फवारणी करतात. दाटी करायची तर आधी झाड बदलावे लागते. परसबागेतही पसरणाऱ्या चवळीऐवजी झुडपी चवळी निवडली की निम्मे भांडण मिटते.

जागा वेळेतही असते

दिवाळीनंतर कोबीचे रोप लावले, की पहिला महिनाभर ते ४५ सेंटिमीटरपैकी फार थोडी जागा वापरते. उरलेली जमीन रिकामी असते, आणि मला तीस वांगी लावायचा मोह झाला तो याच रिकामपणामुळे. ती जमीन पुढच्या महिन्यासाठी राखलेली असते, पण या महिन्यात ती उसनी देता येते. मेथी २५ ते ३० दिवसांत काढायला येते. कोबीच्या रोपांमध्ये मेथी पेरली तर कोबीची पाने पसरायच्या आत ती ताटात आलेली असते. अट एकच. दिवस भरले की मेथी मुळासकट उपटायची. आणखी आठ दिवस वाढू द्यावी असे वाटते आणि तिथेच कोबीचे नुकसान होते. कोथिंबिरीला आणि मुळ्याला ४० ते ४५ दिवस लागतात, म्हणून त्या कडेला, जिथे कोबी उशिरा पोहोचते.

विरळणीही अशीच करावी. मुळा, बीट आणि पालक सुरुवातीला दाट पेरावे आणि रोपे वाढतील तसे एकाआड एक रोप उपटून भाजीत घालावे. मुळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, बीटची पाने पराठ्यात जातात. कांद्याची रोपे दोन-तीन बोटांवर लावून मधली पातीसाठी काढली, की उरलेल्यांना आपोआप पूर्ण अंतर मिळते. मला वांग्याचे रोप उपटवत नव्हते, पण पातीचा कांदा उपटताना कधी वाईट वाटले नाही, कारण तो टाकायचा नसतो, खायचा असतो.

सावली कुठे पडते

जमिनीवर जागा नसली तरी वर असते. दोडका, कारली, वाल यांच्यासाठी माहितीपत्रक दीड मीटरच्या ओळी सांगते, पण ओळीतले अंतर एक मीटरच असते. भिंतीलगतच्या वीस फुटांत सहा वेल आरामात बसतात. लाल भोपळ्याला मात्र परसबागेत घेऊ नये. त्याला उकिरड्यावर लावून छपरावर चढवायची जुनी रीत आहे आणि तीच योग्य आहे. शेवगाही कुंपणाबाहेरच्या बाजूला बरा.

मांडव उत्तरेलाच का, याचे कारण आकाशात आहे. बुलढाणा साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांच्या आसपासच चढतो आणि दक्षिणेकडे कललेला असतो. त्या उंचीला वस्तूची सावली तिच्या उंचीएवढीच पडते, उत्तरेकडे. सहा फुटांचा मांडव दक्षिणेला उभारला तर त्याची सावली सहा फूट आत येते, म्हणजे ऐन रब्बीत एक अख्खा वाफा अंधारात. उत्तरेला उभारला तर सावली भिंतीवर पडते. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे हा फरक पावसाळ्यात कळतच नाही आणि दिवाळीनंतर कोबी का पोसत नाही याचे कोडे पडते. बाजूच्या इमारतीने कोपरा झाकलाच असेल, तर तिथे अळू, पालक, कोथिंबीर लावावी. मे महिन्यात, विशेषतः घाटाखाली पारा चाळिशीच्या वर असताना, त्याच सावलीचा उपयोग होतो.

एवढ्या जागेतून किती

सगळे नीट केले तरी पाव गुंठ्यातून किती मिळणार? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाच्या आदर्श थाळीत ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. चार माणसांना रोज १ किलो ६०० ग्रॅम, वर्षाला ५८४ किलो. माझे दोन वाफे मिळून १४० चौरस फूट, म्हणजे १३ चौरस मीटर. वर्षात तीन पिके आणि दर पिकाला चौरस मीटरमागे दोन किलो धरले, तर ७८ किलो येतात. गरजेचा जेमतेम सातवा हिस्सा. कृषीच्या पाठ्यपुस्तकांत पाच माणसांच्या कुटुंबाला सुमारे २०० चौरस मीटर परसबाग सांगतात, ती उगाच नाही.

हा आकडा निराश करणारा वाटतो, पण तो निवड शिकवतो. माणशी रोज १०० ग्रॅम पालेभाजी धरली तर चौघांना वर्षाला १४६ किलो लागते, आणि ७८ किलो हा त्याचा निम्म्याहून जास्त भाग झाला. शिवाय पालेभाजीच बाजारातून घरी येईपर्यंत सुकते, आणि उन्हाळ्यात तीच सर्वांत महाग होते. म्हणून लहान जागेत कांदा-बटाटा पिकवत बसू नये. ते साठवलेले मिळतात आणि टिकतात. मेथी, पालक, कोथिंबीर, मिरचीची चार झाडे, टोमॅटोची आठ, वांग्याची सहा, भिंतीवर दोडका-कारली. वांगी, टोमॅटो आणि मिरची एकाच कुळातली असल्याने त्यांचे रोग एकमेकांत फिरतात. त्यांच्यामागे त्याच जागी पुन्हा त्यांपैकी कुणाला लावू नये, मेथी किंवा चवळी घ्यावी.

आता गावोगावी उमेदच्या बचतगटांतल्या बाया परसबागा करतात, शाळांतही पोषण आहारासाठी वाफे असतात. अंगणवाडीतल्या मुलाच्या किंवा गरोदर बाईच्या ताटात त्या वाफ्यातून मूठभर हिरवे पडते की नाही, हे बियाण्याच्या पाकिटांच्या संख्येवर ठरत नाही. दहा पाकिटे एका वाफ्यात ओतली तर महिन्याभरात तिथे हिरवेगार रान दिसते आणि तीन महिन्यांनी टोपलीत काही नसते.

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा वांग्याची जुडी आणली. तिसांतली सहा रोपे दोन-दोन फुटांवर लावली, आणि उरलेली त्याच संध्याकाळी मावशींना नेऊन दिली. मधल्या जागेत चवळीचे कोवळे शेंडे खुडायला मिळावेत म्हणून थोडी झुडपी चवळी टोबली आणि वांग्याच्या फांद्या पोहोचताच ती काढली. सप्टेंबरात मावशी कुंपणाशी आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आता वांगे वांग्यावानी दिसून राह्यले.” त्या दिवशी त्यांना पहिली पाच वांगी दिली. त्यांच्याकडे लावायला जागा जास्त होती, त्यामुळे त्यांनी मला सात परत दिली.